पाऱ्याच्या क्रीमची बाधा: दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर पुढे काय?

गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने किडनीला बाधा झालेली बाई दवाखान्यातून घरी येते, तेव्हा तिच्याजवळ सुट्टीचा कागद असतो, गोळ्यांची पिशवी असते आणि डॉक्टरांनी घाईत सांगितलेलं एक वाक्य असतं: ते क्रीम लावू नका, महिन्याने दाखवायला या. पायांची सूज उतरलेली असते. घरच्यांना हायसं वाटतं. मग सोयाबीनची सोंगणी लागते, पाठोपाठ कापूस वेचायला येतो, आणि महिन्याची तारीख ढकलत ढकलत दिवाळीवर जाते. इथे मी त्या सुट्टीनंतरच्या काळाबद्दलच लिहितो आहे. या आजारात उपचाराचा मोठा भाग तेव्हाच होतो आणि तो बहुतांशी घरच्यांनाच करायचा असतो.

कातडीतून विष अंगात जातं हे विदर्भात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. पंप पाठीवर गळला तर लगेच अंग धुवावं, एवढं तेव्हापासून गावोगावी माहीत आहे. चेहऱ्याच्या डबीकडे मात्र त्या नजरेनं कोणी पाहत नाही. तिला वास चांगला असतो, देणारी पार्लरवाली ओळखीची असते, आणि मुख्य म्हणजे गुण येतो. दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पाऱ्याचे क्षार अडवतात, म्हणून हा उजळपणा. पण तो पारा चेहऱ्यावर थांबत नाही. त्वचेतून रक्तात उतरतो आणि जाऊन बसतो तो मुख्यतः किडनीत.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्याही किडन्यांना सूज. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि धागा निघाला तिघी वापरत असलेल्या क्रीमचा. त्याच सुमारास केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात आपल्याकडे आलेले मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये नेल-१ नावाचं एक खास प्रथिन सापडलं, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालायलाच मनाई आहे. नकळत आला तरी किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पकडल्या गेलेल्या क्रीममध्ये तो किलोमागे कित्येक ग्रॅम निघाला आहे, म्हणजे हजारो पट.

डबी बंद केली तरी पारा अंगात असतोच

विंचू चावला तर त्रास आज होतो आणि दोन-चार दिवसांत सरतो. पाऱ्याचा हिशोब तसा नाही. क्रीममधून अंगात गेलेल्या पाऱ्यातला निम्मा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. उरलेल्याचा निम्मा जायला आणखी दोन महिने. म्हणजे आषाढात क्रीम बंद केलं तर दिवाळीच्या आसपासही अंगात चौथा हिस्सा पारा असू शकतो, आणि पौषात आठवा. तो मुख्यतः लघवीवाटे जातो, म्हणजे ज्या किडनीला त्याने दुखावलं तिच्यातूनच.

म्हणून "सूज उतरली म्हणजे बरं झालं" हे चुकीचं आहे. सूज बहुतेक वेळा लघवी वाढवणाऱ्या गोळीने उतरलेली असते. किडनीतली जखम त्यामागे तशीच असते, आणि ती भरतेय की नाही हे पायांकडे पाहून कळत नाही. लघवी तपासूनच कळतं.

लघवीची पट्टी

किडनी ही रक्ताची गाळणी आहे. चांगल्या गाळणीतून पाणी आणि घाण खाली जाते, रक्तातलं प्रथिन वरच राहतं. पाऱ्यामुळे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या गाळणीवरच उलटते, तिची भोकं मोठी होतात आणि प्रथिन लघवीतून वाहून जाऊ लागतं. म्हणून लघवीला फेस येतो, आणि तो पाणी ओतल्यावरही लवकर बसत नाही. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला जेमतेम दीडशे मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन जातं. आजार जोरात असेल तर साडेतीन ग्रॅमच्या वर जातं. मग रक्तातलं प्रथिन कमी पडतं, पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं आणि सूज येते: सकाळी डोळ्यांखाली, संध्याकाळी पायांवर.

या प्रथिनावर घरबसल्या नजर ठेवता येते, आणि माझ्या मते सुट्टीनंतरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच. उपकेंद्रातल्या नर्सबाई गरोदर बायांची लघवी ज्या पट्टीने तपासतात तीच पट्टी इथे चालते. मेडिकलवर तिची डबी विकतही मिळते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यायची. पट्टी बुडवून लगेच बाहेर काढायची, कड भांड्याला टेकवून जास्तीचे थेंब निथळू द्यायचे आणि डबीवर लिहिलेला वेळ थांबायचं. प्रथिनाच्या चौकोनासाठी तो बहुधा एक मिनिटाचा असतो. मग उजेडात रंग जुळवायचा. पिवळा राहिला तर प्रथिन नाही. हिरवट झाला तर आहे, आणि जितका गडद हिरवा-निळा तितकं जास्त. डबीवर एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक अशा खुणा असतात. जी दिसेल ती वहीत तारखेसह लिहायची. पाळीच्या दिवसांत तपासू नका, रक्त मिसळून पट्टी फसवते. आणि पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं टाकलं तर पट्ट्या दमट होऊन खराब होतात, मग त्यांच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही.

रोज तपासायची गरज नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पुरे. एखाद्या आठवड्यात एकाचे दोन अधिक झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या सकाळी लघवी घट्ट असली तरी आकडा चढतो. लागोपाठ दोन-तीन आठवडे वर जात असेल तर तारखेची वाट न पाहता दाखवायला जा. डॉक्टर पट्टीवर न थांबता लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी (किडनी बाहेर टाकते त्या घाणीतला एक घटक) प्रमाण, रक्तातलं अल्ब्युमिन हे मुख्य प्रथिन आणि क्रिएटिनिन बघतील. पण चार महिन्यांची पट्टीची वही समोर ठेवली तर त्यांचा निर्णय सोपा होतो. कागद नसलेल्या पेशंटपेक्षा वही असलेल्या पेशंटला कुठलाही डॉक्टर जास्त वेळ देतो, हे मी खात्रीनं सांगतो.

वहीत वजनही लिहा. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मोठ्यांचा काटा असतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्नाचं नसतं, पाणी साचलेलं असतं. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर सूज परत येते आहे. बायांच्या बाबतीत जोडवी ही खूण फार लवकर दाखवतात. "जोडवी रुतून राह्यली" असं कोणी म्हणालं की पट्टी काढायची वेळ झाली समजा.

गोळ्या, मीठ आणि विदर्भातला उन्हाळा

बहुतेकांचा हा आजार क्रीम पूर्ण बंद केल्यावर काही महिन्यांत उतरतो, ही यातली खरी दिलाशाची बाजू. त्या काळात प्रथिन गळणं कमी व्हावं म्हणून टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल अशा गटातली गोळी देतात. ही ब्लडप्रेशरची गोळी आहे हे मेडिकलवाला सांगतो आणि मग पेशंट विचारतो, "मले तं बीपी नाही, मंग कायले खाऊ?" गाळणीवरचा दाब कमी करण्यासाठी ती असते, बीपी असो वा नसो. आपल्या मनाने बंद करू नका.

या गोळीच्या दोन गोष्टी मात्र सुट्टीच्या कागदावर क्वचित लिहिलेल्या असतात. पहिली, गरोदरपणात ती बाळाला घातक ठरते. लग्न नुकतंच झालेल्या किंवा पाळी चुकलेल्या बाईने डॉक्टरांना हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे, लाज बाजूला ठेवून. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात तापमान पंचेचाळीसच्या वर जातं, माणूस शेतात घामाने निथळतो, त्यात हगवण-उलटी लागली आणि वरून ही गोळी आणि लघवीची गोळी दोन्ही चालू राहिल्या, तर किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन एकदम चढू शकतं. पातळ संडास किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा की गोळ्या थांबवायच्या का. पाणी किती प्यायचं हेही विचारून घ्या. सूज असताना भरपूर पाणी पिणं बरं नाही आणि उन्हाळ्यात कमी पिणंही नाही. हा आकडा माणसागणिक बदलतो.

खाण्यात पथ्य एकच, पण ते कडक: मीठ. भाकरी, वरण, भात, भाजी चालते. नडतात ते उन्हाळ्यात घातलेले पापड-कुरड्या, लोणचं, शेव, फरसाण, मिठाचा हात सढळ पडलेला ठेचा आणि पोह्यावरची तर्री. दुकानातलं "कमी सोडियमचं" मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि वरच्या गोळीसोबत ते रक्तात वाढून हृदयाला त्रास देऊ शकतं. प्रथिन गळतंय म्हणून पावडरचे डबे आणून पाजणंही नको. रोजचं वरण, मूग, अंडं पुरेसं.

अंगदुखीच्या सुट्या गोळ्यांबद्दल फार सांगायला नको: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या सगळ्या दुखावलेल्या किडनीच्या वैरी. ताप-दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

काहींना पारा बांधून बाहेर काढणारं औषध देतात, डीएमएसए किंवा डीएमपीएस. ते प्रत्येकाला लागत नाही. पाऱ्याची पातळी, त्रास आणि किडनीची अवस्था पाहून तज्ज्ञ ठरवतात. डीएमएसएच्या कॅप्सूलला सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्याने औषध खराब आहे असं समजून फेकू नका. हे औषध चालू असताना लघवीतल्या पाऱ्याचा आकडा वाढतो. तो वाढायलाच हवा, कारण अंगातला पारा बाहेर पडतो आहे. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण तोवर अवयवांत साठलेला पारा थोडा रक्तात परत येतो. याउलट मोबाईलवर दिसणारे "शरीर शुद्ध करा" काढे, पावडरी घेऊ नका. काही रसौषधींमध्ये पारा हाच घटक असतो, रससिंदूर आणि मकरध्वज ही त्यातली ओळखीची नावं. असं काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पाऱ्याची तपासणी लघवीवरच करतात, कारण क्रीममधल्या पाऱ्याचा खरा साठा लघवीतून कळतो. रक्तातला आकडा अलीकडचा संपर्क सांगतो, आणि मासे खाल्ल्यानेही तो वाढतो. नमुना देण्याआधी हात साबणाने धुवा. नखांत किंवा बोटांवर क्रीमचा अंश असेल तर तोच बाटलीत उतरून आकडा खोटा चढवतो. आणि मुद्दाम पारा काढणारं औषध देऊन मग लघवी गोळा करून "पारा किती निघाला बघा" म्हणणाऱ्या लॅबवर पैसे घालवू नका. औषधाने कुणाचाही आकडा वर जातो, आणि त्याची तुलना करायला प्रमाण नसतं.

चिडचिड, झोप आणि हाताची थरथर

पारा किडनीपुरता राहत नाही, नसांवरही जातो. झोप उडते, विसरायला होतं, हातपाय झिणझिणतात, बोटं थरथरतात, पोटरीत मांस आपोआप उडतं. स्वभाव बदलतो: लाजरी बाई एकाएकी चिडते, रडते, माणसांत बसत नाही. गावात याची निदानं वेगळी होतात. कुणी म्हणतं सून हट्टी झाली, कुणी म्हणतं बाहेरचं झालं, आणि मग उतारा निघतो. डॉक्टरांकडे जाताना या गोष्टी आवर्जून सांगा. किडनीच्या ओपीडीत त्या विचारल्या जातीलच असं नाही.

थरथर कमी होते आहे का हे पाहायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच वहीत आठवड्याला एकदा, हात टेबलावर न टेकवता, आतून बाहेर गोल-गोल वाढत जाणारी एक रेघ काढायची. मेंदूचे डॉक्टरही थरथर अशीच तपासतात. पहिल्या महिन्याची वाकडीतिकडी रेघ आणि चौथ्या महिन्याची रेघ शेजारी ठेवली की बोलायची गरज राहत नाही. नसांना भरून यायला किडनीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

घरातला पारा

हा भाग सहसा कुणीच सांगत नाही. रात्री लावलेलं क्रीम उशीच्या अभ्र्याला लागतं, तोंड पुसायच्या टॉवेलला, स्कार्फला, मोबाईलच्या कव्हरला, आरशाखालच्या फळीला लागतं. पारा हवेतही हळूहळू उडतो. आईच्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या, क्रीम कधीही न लावलेल्या लेकरांच्या लघवीत पारा सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. बाईने क्रीम सोडलं तरी तिचा आकडा उतरत नसेल, तर पहिली शंका घराची घ्यावी. दुसरी शंका अर्थातच लपवलेल्या डबीची.

रोज चेहऱ्याला लागणारे अभ्रे, टॉवेल, स्कार्फ टाकून देणंच बरं. बाकीचे कपडे वेगळे धुवा, बाळाच्या लंगोटांसोबत नको. फळी, आरसा, मोबाईल साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, हातात प्लास्टिकचे मोजे घालून, आणि फडकं टाकून द्या. कोरड्या झाडूने झाडू नका. त्या खोलीची खिडकी-दार काही दिवस उघडं ठेवा.

यातली कुठलीही वस्तू चुलीत घालायची नाही. आपल्याकडे कचरा चुलीत किंवा उकिरड्यावर पेटवायची सवय आहे, पण पारा जळून नाहीसा होत नाही. त्याची वाफ होते आणि ती चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या छातीत जाते. छातीतून तो कातडीपेक्षाही लवकर अंगात भिनतो. विहिरीत, नाल्यात, न्हाणीच्या मोरीत क्रीम धुऊन टाकणंही चूक. सगळं दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लेकरांच्या हाताला न लागेल असं घराबाहेर ठेवा आणि तालुक्याच्या नगर परिषदेत घातक कचरा म्हणून कुठे द्यायचा ते विचारा.

घरातल्या प्रत्येकाची लघवी एकदा तपासून घ्या, क्रीम लावलं असो वा नसो. लहान मुलांच्या खुणा वेगळ्या असतात: मूल सतत किरकिरतं, घामेजलेलं असतं, हातापायांचे तळवे गुलाबी होऊन सोलतात, जेवत नाही, पाय दुखतात म्हणून चालत नाही, आणि मोजलं तर बीपी वाढलेलं निघतं. याला बऱ्याचदा साधा त्वचारोग समजून मलम दिलं जातं. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध एकाएकी तोडू नये, पण स्वतःचा पाऱ्याचा आकडा बालरोगतज्ज्ञांना दाखवून विचारावं. पारा दुधातूनही थोडा जातो.

आरशापुढची परीक्षा

डबी बंद झाल्यावर तीन-चार आठवड्यांत चेहरा पुन्हा काळवंडतो. कधी आधीपेक्षा जास्त. या क्रीममध्ये पाऱ्यासोबत बऱ्याचदा स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. ते सुटलं की चेहरा लाल होतो, जळतो, पुटकुळ्या येतात. "क्रीम होतं तं चांगलं होतं, सोडलं तं तोंड बिघडलं" असा उलटा निष्कर्ष निघतो, आणि पोटली-कपाटात कुठेतरी ठेवलेली अर्धी डबी बाहेर येते. माझ्या अंदाजाने आजार उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं, आणि यात बाईला दोष देण्यात अर्थ नाही. पाहुणे चहा पिता पिता "मुलगी सावळी आहे" म्हणून उठून जातात, तेव्हा ती डबी कोणी तिच्या हातात दिली याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचं असतं. मुलंही हे क्रीम लावतात, ती फक्त सांगत नाहीत.

ही जळजळ काही आठवडे ते काही महिने चालते आणि ओसरते. तेवढा काळ चेहऱ्याला साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि उन्हात जाताना दुपट्टा किंवा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन पुरे. लिंबू, टूथपेस्ट, ब्लीच काही नको. फार त्रास असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना "स्टेरॉइडचं क्रीम लावत होते" हे आधी सांगा, नाहीतर त्याच जातीचं दुसरं मलम हातात पडेल. शेवटी त्वचा स्वतःच्या मूळ रंगावर येऊन थांबते.

कुठे जायचं, आणि कधी धावत जायचं

एकाच पायाला सूज येऊन तो दुखू लागला, छातीत दुखून दम लागला, तापासोबत पोट दुखू लागलं, लघवी एकदम कमी झाली किंवा झटका आला, तर तारीख पाहायची नाही. १०८ ला फोन करा. लघवीतून प्रथिन गळत असताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि संसर्गाचा धोका वाढलेला असतो. एका पायाची सूज आणि दोन्ही पायांची सूज यातला फरक म्हणूनच महत्त्वाचा.

नेहमीच्या फेरतपासणीला किडनीतज्ज्ञ नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटीत, मिहानमधल्या एम्समध्ये आणि अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत आहेत. धारणी किंवा सिरोंचाहून प्रत्येक महिन्याला एवढा प्रवास म्हणजे मजुरी बुडते, हे मान्य आहे. मधल्या महिन्यांत बीपी, वजन आणि पट्टी गावच्या उपकेंद्रात करून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलता येतं, आणि मोठ्या दवाखान्याची फेरी रक्ततपासणीच्या तारखेला जोडून घेता येते. पहिल्या सहा महिन्यांतल्या या मोठ्या तारखा मात्र चुकवू नका. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते भरती होतानाच विचारा. विषबाधेबद्दल डॉक्टरांनाही शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या फुकट क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं.

लघवीतलं प्रथिन गेलं, क्रिएटिनिन स्थिर राहिलं आणि पाऱ्याचा आकडा सलग उतरला की डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करतात. त्यानंतरही वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासा, आणि पुढे दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हा आजार नर्सबाईंच्या कार्डावर लिहून घ्या.

आता ती डबी. रागाने फेकू नका, झाकण घट्ट लावून पिशवीत बंद करून ठेवा. कुठल्या घटकाने त्रास झाला हे शोधायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. नीट बघा: बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटकांची यादी आहे का? परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो. घटकांत मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल किंवा अमोनिएटेड मर्क्युरी असं काही लिहिलं असेल, किंवा "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर शंका पक्की. बऱ्याच डब्यांवर यातलं काहीच नसतं. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे लेखी करायची: डबीचे फोटो, कुठून घेतली, कधीपासून लावली, आणि दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स. बिल नसलं तरी अर्ज द्या. औषध निरीक्षक दुकानातून स्वतः नमुना घेऊ शकतो, आणि त्याच दुकानातून तीच डबी नेलेल्या गावातल्या इतर बायांना आशाताईंकरवी लघवी तपासायला सांगणं त्यासाठी थांबवायची गरज नाही.